फ्रेम नॉर्टनची, इंजिन ट्रायम्फचं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण गाड्यांवरच्या प्रेमातून आलेली आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो. तुमचे आक्षेप मला असे समजले: नॉर्टन या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या मोटरसायकलच्या, फेदरबेड नावाच्या फ्रेममध्ये ट्रायम्फ या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीचं ६५० सीसी इंजिन बसवून मी त्या गाडीचा इतिहास पुसला, परक्या इंजिनाचे हादरे त्या फ्रेमला सोसणार नाहीत, आणि ज्यांनी ती बनवली त्यांचा मान राखला गेला नाही.

आधी जिथे आपलं एकमत आहे ते सांगतो. स्वतःचं इंजिन शाबूत असलेली गाडी उकलून तिच्यात दुसरं घालणं मलाही मान्य नाही. माझ्याकडे आली ती नुसती फ्रेम, फोर्क आणि चाकं. अशा रिकाम्या फेदरबेड फ्रेम फार पूर्वीपासून फिरत आहेत, आणि त्याचं कारणही याच इतिहासात आहे. १९५०च्या दशकात फॉर्म्युला ३च्या छोट्या रेसिंग मोटारी ५०० सीसी इंजिनावर धावत. त्यांना हवं असे मँक्स या नॉर्टनच्या रेसिंग मोटरसायकलचं इंजिन, पण कारखाना नुसतं इंजिन सहसा देत नसे. मग लोक अख्खी मोटरसायकल घेत, इंजिन मोटारीत जाई आणि फ्रेम उरे. रेक्स मॅककँडलेसनं आखलेली ही फ्रेम १९५०च्या आयल ऑफ मॅन टीटी या मोटरसायकल शर्यतीत उतरली तेव्हा वळणावर तिच्या तोडीचं दुसरं काही नव्हतं. ट्रायम्फच्या ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरच्या, इंजिनात दम होता, फ्रेम मात्र तेवढी स्थिर नव्हती. दोन्हीतलं चांगलं ते एकत्र आलं आणि अशा गाडीला ट्रायम्फ आणि नॉर्टन मिळून ट्रायटन हे नाव रूढ झालं. म्हणून मी इतिहास पुसला हे मला पटत नाही. हाही त्याच फ्रेमचा इतिहास आहे.

मानाचंही तसंच. नॉर्टन १९५३ साली एएमसी, म्हणजे असोसिएटेड मोटर सायकल्स, या मॅचलेस गाड्या बनवणाऱ्या कंपनीकडे गेली. त्याच एएमसीनं पुढे नॉर्टनच्या अ‍ॅटलास या मॉडेलचं इंजिन मॅचलेसच्या फ्रेममध्ये बसवून गाड्या विकल्या, काही मॅचलेसच्या नावानं, काही नॉर्टनच्या. एकाची फ्रेम आणि दुसऱ्याचं इंजिन हे बनवणाऱ्यांनीच केलेलं आहे.

आता हादऱ्यांचा मुद्दा. तुमच्या प्रतिक्रियेतला सगळ्यात मोलाचा मुद्दा मला हा वाटला. ट्रायम्फच्या ट्विनमध्ये दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर जातात आणि एकाच वेळी खाली येतात. क्रँकवर (पिस्टननं फिरणाऱ्या दांड्यावर) वजन वाढवून त्यांचा झटका पूर्ण मारता येत नाही. उभा झटका कमी केला की आडवा वाढतो, एवढाच फरक. किती उभा ठेवायचा आणि किती आडवा, हे कारखाना आपल्या फ्रेमकडे बघून ठरवतो. त्यामुळे तेच इंजिन दुसऱ्या फ्रेममध्ये वेगळ्या वेगाला, वेगळ्या जागी थरथरतं. तुमची शंका रास्त आहे.

पण त्यावर उपाय आहेत, आणि खरं काम तिथेच असतं. इंजिन फ्रेमला जोडणाऱ्या प्लेट जाड अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूच्या हव्यात, पत्र्याच्या नव्हेत. बोल्ट भोकात घट्ट बसला पाहिजे. भोक जरा जरी सैल राहिलं तर हादरा ते रोज थोडं थोडं मोठं करतो. प्लेट आणि फ्रेमच्या मध्ये फट दिसली तर नेमक्या मापाचा स्पेसर, म्हणजे फट भरणारा तुकडा, घालायचा. बोल्ट आवळून फट मिटवली की फ्रेमची नळी कायम ताणाखाली राहते आणि पुढे कधीतरी तडकते. सिलिंडर हेडपासून वरच्या नळीपर्यंत जाणारी आधाराची पट्टी, म्हणजे हेड स्टेडी, तर कधीच गाळू नये. पुष्कळ जण टाकी बसवताना अडचण होते म्हणून ती काढून टाकतात. ती नसली की इंजिन मागेपुढे डोलतं आणि सगळा भार खालच्या प्लेटवर येतो.

दुसरी गोष्ट चेनची. गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट आणि मागचं स्प्रॉकेट एका सरळ रेषेत यायलाच हवं. रेषा चुकली तर चाक बाजूला सरकवून ती जुळवायची नाही. चाक फ्रेमच्या मध्यावरच राहिलं पाहिजे. जुळवायचं ते स्प्रॉकेटमागच्या स्पेसरनं किंवा प्लेटमध्ये इंजिन सरकवून. मी आधी चाक मध्यावर पक्कं केलं आणि मग बाकी सगळं त्याला धरून मोजलं.

ताकदीची काळजी इथे नाही. याच फेदरबेडमध्ये नॉर्टननं स्वतःच्या ६५०एसएस मॉडेलचं आणि पुढे ७४५ सीसीचं अ‍ॅटलास इंजिन बसवलं होतं. ट्रायम्फचं ६५० त्यामुळे तिला जड नाही. दोनशे सीसीची जुनी फ्रेम घेऊन तिच्यात मोठं इंजिन कोंबणाऱ्यांना मात्र तुम्ही जे लिहिलंत ते जरूर ऐकवा. तिथे ब्रेकचे ड्रम पुरत नाहीत आणि फोर्क वाकतात.

मोडतोड कशाला म्हणायचं, याची माझी रेघ करवतीपाशी आहे. इंजिन बसत नाही म्हणून फ्रेमची नळी कापली, टेकू वितळवून काढला की ती फ्रेम गेली. त्याहून जुन्या फ्रेममध्ये नळ्या ओतीव लगमध्ये, म्हणजे सांध्याच्या तुकड्यांत, पितळ वितळवून जोडलेल्या (ब्रेझ केलेल्या) असतात. तिथे विजेचं वेल्डिंग लावलं तर शेजारचा सांधाच कमकुवत होतो. माझ्या गाडीत नवं जे काही आहे ते बोल्टवर आहे. उद्या नॉर्टनचं योग्य इंजिन मिळालं तर प्लेट उतरवून ते परत बसेल, फ्रेमवर एक ओरखडाही न राहता. कागदोपत्रीही इंजिनाचा आणि फ्रेमचा नंबर जसा आहे तसाच लिहिलेला आहे. ट्रायटनला नॉर्टन म्हणून विकणं ही फसवणूक आहे, आणि त्या बाबतीत मी तुमच्यापेक्षाही कडक आहे.

शेवटी तुम्ही लिहिलंय की तुमची नॉर्टन डॉमिनेटर इंजिन जाम होऊन पडून आहे, आणि तिच्यात असलं काही तुम्ही कधी करणार नाही. कृपा करून करूच नका. प्लग काढा, दोन्ही सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडा आणि काही दिवस तसंच मुरू द्या. मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हातानं हलकेच पुढेमागे करा. किकवर उभे राहू नका, दात तुटतील. इंजिन सुटलं तरी लगेच चालू करू नका. आधी उघडून क्रँकच्या पोकळीत साचलेला गाळ काढा, नाहीतर तेलाची वाट तुंबून बेअरिंग जाईल. कुठे अडलं तर फोटो पाठवा, बघून सांगतो.