आजीला कोण गप्प करणार?

आज पुतण्याने डोकं फिरवलं. पोरगा गुणी आहे, माझ्यासाठी म्हणून हौसेने करून आणलं होतं, त्यामुळे त्याच्या तोंडावर धड ओरडताही आलं नाही. म्हणून इथे ओरडतोय.

डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचं 'मेड इन जपान' हे लाइव्ह रेकॉर्ड म्हणजे माझा जीव, हे त्याला माहीत. तर त्याने कुठल्याशा ॲपमधून ते गाळून आणलं. "काका, ऐका! पब्लिक पूर्ण काढलंय. एकदम क्लीन!" हेडफोन लावला. टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत, हॉलचा घुमारा नाही. पाच माणसं पाच कपाटांत बसून वाजवतायत असं वाटलं.

अरे, पब्लिकच नको तर एवढ्या लांब जपानला कशाला गेले होते ते?

ऑगस्ट 1972. 15 आणि 16 तारखेला ओसाका, 17 ला टोकियोचं बुदोकान. लाइव्ह रेकॉर्ड काढायची बँडला फारशी हौस नव्हती, जपानी कंपनी मागे लागली म्हणून टेप फिरली. तीन रात्रींतून सात गाणी निवडली. 'स्मोक ऑन द वॉटर' तेवढं 15 तारखेचं. ज्या आगीवर ते गाणं आहे, तो स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोचा कॅसिनो जळून जेमतेम आठ महिने झाले होते. आज गिटारच्या दुकानात शिरलेला प्रत्येक पोरगा जे पहिल्यांदा वाजवतो, ते त्या हॉलमधल्या लोकांसाठी अजून ताजं होतं. आणि आमचा हा ती माणसंच हाकलून देणार!

आता आजीचं सांगतो, त्याशिवाय माझा संताप कळायचा नाही.

1984 साली आमच्या गिरगावच्या चाळीत मित्राकडे ही डबल एलपी आली. त्याचा मामा बोटीवर होता. वायर लावून कॉपी करायची सोय नव्हती. मग स्पीकरसमोर स्टुलावर टू-इन-वन ठेवला, नव्वदची कोरी कॅसेट घातली, प्ले आणि रेकॉर्ड एकदम दाबलं आणि खोलीतल्या सगळ्यांना तोंडं मिटायला लावली. मित्राच्या आजीला कोण सांगणार? 'द म्यूल'मध्ये इयन पेसचा ड्रम सोलो ऐन रंगात, आणि आतून आजी: "किती वेळ बडवतोय रे मेला! हात नाही दुखत त्याचे?"

झालं. कायमचं रेकॉर्ड. मागे कुकरची शिट्टीपण आहे.

पुढे मी सीडी घेतली. मग नीट ऐकायला शिकलो. डाव्या कानात जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन, उजव्या कानात ब्लॅकमोरची गिटार. 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन'मध्ये तर गिटार आणि गळ्याचे चक्क सवाल-जवाब. ब्लॅकमोर एक तुकडा टाकतो, गायक गिलन तोच गळ्यातून परत करतो, ब्लॅकमोर आणखी वर चढतो, गिलनही चढतो, शेवटी ती किंकाळी. आपल्याकडे फडावर असा सवाल पडला आणि समोर बाकडी रिकामी असली तर चालेल का? आणि 'चाइल्ड इन टाइम'ची सुरुवात ऐका. भरलेल्या हॉलने श्वास रोखणं आणि खोलीत कुणीच नसणं, दोन्ही शांतताच. पण सारख्या आहेत का?

ठीक आहे, जुन्या तबकडीची खरखर काढली की बालगंधर्व मलाही जास्त गोड लागतात. मान्य. पण टाळी म्हणजे खरखर नव्हे रे बाबा. उद्या मैफिलीतली "क्या बात है" काढाल, परवा तबलजीचं खाकरणं. गिलनला तर म्हणे स्वतःचा त्या दौऱ्यातला आवाजच आवडला नव्हता, ब्राँकायटिसमधून नुकता उठला होता. मग त्यालाही काढा!

असो. चिडून लिहिता लिहिता एक आठवलं. सीडीवर तो सोलो आला की मी अजूनही जरा वाट बघतो. आजी येत नाही. ती जाऊन तीसेक वर्षं झाली, चाळीच्या जागी टॉवर उभा आहे, मित्र कॅनडात. मागे एकदा त्याला फोनवर विचारलं, तुझ्याकडे आजीचा आवाज कुठे आहे का? नाही म्हणाला. लग्नाच्या व्हिडिओत दिसते, पण वरून सनई टाकलीय.

हे सगळं संध्याकाळी पुतण्याला सांगितलं. जरा जास्तच सांगितलं बहुतेक, कारण गप्प होऊन घरी गेला. आत्ता मेसेज आलाय: "सॉरी काका. ती आजीवाली कॅसेट ऐकवा ना. काही काढणार नाही, शप्पथ."

कॅसेट आहे. डब्यावर माझ्याच अक्षरात 'मेड इन जपान' आणि खाली पेन्सिलीने 'आजीसह'. प्लेअर मात्र केव्हाच मेला. कुणाकडे चालू टू-इन-वन किंवा डेक पडून असेल तर सांगा. मुंबई-ठाण्यात कुठेही येऊन घेऊन जाईन, दोन दिवसांत परत करीन. रबर गेलेला नको, टेप खातो.