घरातली हलकी कामं

ओल्या गॅलरीत पाय घसरला, हात टेकला आणि उजव्या मनगटापाशी हाड मोडलं. 1814 सालीच, म्हणजे एक्स-रेचा शोध लागायच्या 81 वर्षं आधी, डब्लिनच्या अब्राहम कॉलेस या सर्जननं या फ्रॅक्चरचं वर्णन लिहून ठेवलंय म्हणे. म्हणजे माझ्या पडण्यात काडीचंही नावीन्य नव्हतं. असो. प्लेट बसली, स्क्रू बसले.

मला वाटलं होतं, आता दीड महिना हात गळ्यात आणि पाय टीपॉयवर. डिस्चार्ज देताना डॉक्टर म्हणाले, "हात उशीवर उंच ठेवा, सूज उतरेल. पण बोटं, कोपर, खांदा आजपासूनच हलवायचं. नाहीतर हाड जुळेल आणि बोटं आखडून बसतील. जड उचलायचं नाही, पिळायचं नाही, हातावर भार देऊन उठायचं नाही. घरातली हलकी कामं मात्र करा."

हे शेवटचं वाक्य त्यांनी हिच्यासमोर बोलायला नको होतं.

घरी आल्या आल्या लसणाची परडी पुढ्यात आली. "अहो, बोटांचा व्यायाम आहे तो!" फुगलेला अंगठा आणि फुगलेली तर्जनी एकमेकांना भेटायला तयार नव्हती. मधल्या मधे पाकळी निसटायची आणि सोफ्याखाली जायची. तिथून ती काढायची, तर वाकून हातावर भार द्यायला बंदी. लसणानंतर मटार आले, मग कोथिंबीर, मग कपड्यांच्या घड्या. ब्लँकेटची घडी हलक्या कामात मोडते का, हे मी डॉक्टरांना फोन करून विचारणार होतो. फोन हिच्याकडे होता.

टाके निघाल्यावर फिजिओथेरपीच्या ताई आल्या. "काका, तळहात वर करा. सोप्पंय, तीर्थ घेतो तसा." सोप्पं कसलं! त्याच आठवड्यात शेजारी सत्यनारायण होता. माझा तळहात अर्ध्यातच अडला आणि गुरुजींनी घातलेलं तीर्थ मनगटावरून सरळ कोपरापर्यंत गेलं. पुढे नमस्काराचा व्यायाम सुरू झाला: तळवे जुळवायचे आणि हळूहळू खाली न्यायचे. तो मी गॅलरीत करायचो. समोरच्या बिल्डिंगमधले आजोबा रोज उलट नमस्कार करत. एके दिवशी त्यांनी खुणेनंच विचारलं, सोसायटीच्या निवडणुकीला उभे आहात का?

परवा तपासणीत एक्स-रे बघून डॉक्टर खूश झाले. "छान जुळतंय. आता अर्धा किलोपर्यंत उचलायला हरकत नाही."

येताना हिनं रिक्षा मंडईपाशी थांबवली. भेंडी, टोमॅटो, गवार, वांगी, एकेक पिशवी माझ्या उजव्या हातात येत गेली. मी डॉक्टरांची आठवण करून दिली.

"मग? प्रत्येक भाजी अर्धाच किलो घेतलीय."