‘कंबोडियन वर आले, सुदानी का नाही?’ या मेसेजमध्ये काय काय चुकलंय

मेलबर्नच्या जवळजवळ सगळ्या मराठी ग्रुपांवर हा मेसेज फिरून झालाय, आता तो भारतात पण पोचलाय, पुण्याच्या मामांनी मला पाठवला आणि खाली लिहिलं, "तुमच्याकडे खरंच असं आहे का गं?" मामांना फोनवर सांगून झालं, पण फोनवर सगळं सांगता येत नाही म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी मेसेजचा सारांश. कंबोडियन लोकांनी हुकूमशहा पोल पॉटचा नरसंहार भोगला, अंगावरच्या कपड्यांनिशी ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत आले, कुणापुढे हात पसरले नाहीत, बेकऱ्या टाकल्या, मुलं शिकवली, वीस वर्षांत वर आले. सुदानी पण युद्धातूनच आले, पण ते सरकारी भत्त्यावर जगतात आणि त्यांची पोरं टोळ्या करून घरफोड्या करतात. म्हणजे परिस्थिती सारखी, निकाल वेगळा, तर फरक संस्कृतीचा. आणि सगळ्यात शेवटी सल्ला, घर घेताना आजूबाजूला सुदानी वस्ती आहे का ते आधी बघा.

आता एकेक घेऊ.

परिस्थिती सारखी होती हेच मुळात खरं नाही. ख्मेर रूजने, म्हणजे पोल पॉटच्या संघटनेने, राजधानी नॉम पेन्ह ताब्यात घेतली १७ एप्रिल १९७५ ला, ती राजवट पडली जानेवारी १९७९ मध्ये, त्या पावणेचार वर्षांत ऐंशी लाखांच्या आसपास लोकवस्तीच्या देशात पंधरा ते वीस लाख माणसं गेली. जे वाचले ते थायलंडच्या सीमेवरच्या खाओ-इ-डांगसारख्या छावण्यांत आणि तिथून पुढे परदेशात. ऑस्ट्रेलियात १९७५ ते १९८६ मध्ये जवळपास तेरा हजार कंबोडियन आले. सुदानचं दुसरं यादवी युद्ध १९८३ ते २००५, बावीस वर्षं चाललं. दक्षिणेतली डिंका, नुएर जमातींची कुटुंबं आधी इथिओपियात पळाली, तिथलं सरकार १९९१ ला पडल्यावर तिथूनही पळावं लागलं, मग केनियातली काकुमाची निर्वासित छावणी. अनेकांनी छावणीतच दहा-दहा वर्षं काढली, जिथे रेशन मिळतं पण बाहेर पडून काम करायची परवानगी नसते, मुलं तिथेच जन्मतात, तिथेच मोठी होतात. ऑस्ट्रेलियात सुदानमध्ये जन्मलेले लोक २००१ च्या जनगणनेत पाच हजारांच्या आत होते, २००६ ला एकोणीस हजारांवर गेले. म्हणजे मेसेज ज्यांची तुलना करतोय त्यातले एक इथे चाळीस वर्षं काढलेले आणि दुसरे वीस. तुलना करायचीच तर १९८४ ला आलेल्या कंबोडियन घराची २००४ सालची अवस्था आणि २००४ ला आलेल्या सुदानी घराची २०२४ सालची अवस्था शेजारी ठेवा, आणि त्यातही दोघांना मधल्या काळात कुठला देश मिळाला ते बघा.

हा 'कुठला देश मिळाला' भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मेलबर्नच्या स्प्रिंगव्हेलमध्ये एंटरप्राइज नावाचं सरकारी होस्टेल होतं, १९७० ला सुरू झालं, १९९२ ला बंद झालं. व्हिएतनाम, कंबोडिया, लाओसहून आलेली कुटुंबं आधी तिथे उतरायची, राहायला खोली, मेसचं जेवण, इंग्रजीचे वर्ग तिथेच, आणि डँडेनाँगचे कारखाने जवळ, जिथे असेंब्ली लाइनवर उभं राहायला इंग्रजी फारसं लागायचं नाही. हात चालले पाहिजेत, बस. घरं आताच्या मानाने कितीतरी स्वस्त, दोघं कारखान्यात गेली की चार-पाच वर्षांत डिपॉझिट जमायचं. सुदानी कुटुंबं आली तेव्हा ते होस्टेल बंद होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, भाड्याच्या घरासाठी एजंटसमोर रांगेत उभं राहायचं, ते पण पाच-सहा मुलांचं कुटुंब घेऊन. आणि कारखाने? एकेक करत बंदच होत गेले, फोर्ड ऑक्टोबर २०१६ ला, टोयोटा आणि होल्डन ऑक्टोबर २०१७ ला. ज्या शिडीवरून कंबोडियन चढले ती शिडी सुदानी येईपर्यंत मोडत आली होती.

बरं, 'वीस वर्षांत वर आले' हे तरी खरं आहे का? नव्वदच्या सुरुवातीला इथे मंदी आली, १९९२ ला देशातली बेकारी अकरा टक्क्यांच्या आसपास गेली, तेव्हा व्हिएतनाम-कंबोडियाहून आलेल्यांमधली बेकारी देशाच्या सरासरीच्या कितीतरी पट होती. सिडनीचं कॅब्रामाटा हे उपनगर तेव्हा हेरॉइन आणि टोळ्यांसाठी देशभर बदनाम होतं. वर्तमानपत्रांत 'एशियन गँग' हा शब्द रोजचा होता. १९८४ च्या मार्चमध्ये इतिहासकार जेफ्री ब्लेनी यांनी वॉर्नंबूलच्या रोटरी क्लबात भाषण केलं की एशियन लोक फार वेगाने येतायत, लोकांना हे झेपणार नाही. १९९६ ला खासदार पॉलीन हॅन्सन संसदेत म्हणाल्या की एशियन लोकांमुळे देश बुडून जाईल, हे लोक मिसळत नाहीत, आपापल्या वस्त्या करतात. ज्या कंबोडियन लोकांचं कौतुक आज फॉरवर्ड होतंय त्यांच्याबद्दलच तेव्हा हे बोललं जायचं, शब्द न शब्द आज सुदानींबद्दल बोलतात तो. आणि १९८९ पासून ज्या बोटी आल्या त्यातही कंबोडियन होते, त्यांना आत घेऊन वर्षानुवर्षं डांबून ठेवलं, ते कोर्टात गेले, तर १९९२ च्या मे महिन्यात सरकारने कायदाच बदलला. ऑस्ट्रेलियाची सक्तीची स्थानबद्धता, म्हणजे बिनव्हिसा आलेल्याला सरळ डांबून ठेवायचा नियम, जिच्यावर जगभर टीका होते, तिची सुरुवात कंबोडियन लोकांना बाहेर सोडायचं नाही म्हणून झाली.

आता अमेरिकेकडे बघू, कारण 'संस्कृती' हा मुद्दा तिथे पूर्ण निकालात निघतो. लोक तेच, भाषा तीच, देव तेच, छावण्या त्याच. कॅलिफोर्नियातलं लाँग बीच आणि मॅसॅच्युसेट्समधलं लोवेल ही त्यांची दोन मोठी गावं. १९९० च्या अमेरिकन जनगणनेत कंबोडियन लोकांपैकी साधारण ४२ टक्के दारिद्र्यरेषेखाली होते, २००० साली, म्हणजे येऊन वीस वर्षं झाल्यावर, २९ टक्क्यांच्या आसपास, देशाची सरासरी तेव्हा बारा-तेरा. मोठ्या माणसांपैकी निम्म्याहून जास्त लोकांचं हायस्कूलही पूर्ण नव्हतं, कारण ख्मेर रूजने शाळाच बंद केल्या होत्या आणि शिकलेले शोधून मारले होते. रँड या संस्थेने लाँग बीचमधल्या निर्वासितांची पाहणी केली, २००५ ला छापून आली, येऊन वीस वर्षं होऊनसुद्धा ६२ टक्के लोकांना त्या आघाताचा मानसिक आजार होता, निम्म्या लोकांना डिप्रेशन. ऐंशीच्या दशकात तिथल्या डॉक्टरांकडे मध्यमवयीन कंबोडियन बायका यायला लागल्या होत्या ज्यांना दिसत नव्हतं. डोळे तपासले तर डोळ्यांत काही दोष नाही. ज्यांनी आपल्या माणसांना डोळ्यांसमोर मरताना बघितलं होतं त्यांचं दिसणंच बंद झालं होतं, आणि अशा एक-दोन नव्हे, शेकड्याच्या वर बायका निघाल्या. त्यांची मुलं लाँग बीचच्या गरीब वस्त्यांत वाढली, तिथे आधीपासून टोळ्या होत्या, यांनी पण केल्या, तुरुंगात गेली, आणि २००२ ला अमेरिका-कंबोडिया करार झाल्यावर त्यातल्या अनेकांना कंबोडियात हद्दपार केलं. काही जण तर थायलंडच्या छावणीत जन्मलेले, कंबोडियाची माती कधी न बघितलेले. मेसेज लिहिणाऱ्याने हा सगळा भाग गाळला, की त्याला माहीतच नव्हता, मला कळायला मार्ग नाही.

बेकरीचं म्हणाल तर ते कौतुक मला मनापासून मान्य आहे. आमच्या व्हिक्टोरिया राज्यात कुठल्याही लहान गावात जा, हॉट ब्रेडचं दुकान बहुतेक व्हिएतनामी नाहीतर कंबोडियन कुटुंबाचं असतं, रात्री दोनला भट्टी पेटते, आई-बाप कणीक मळतात आणि मोठी मुलगी शाळेआधी काउंटर सांभाळते. कायनटनमधल्या कंबोडियन भावांच्या बेकरीने तर देशातल्या सर्वोत्तम पाईचं बक्षीस जिंकलंय. पण ही दुकानं उभी कशी राहिली? कॅलिफोर्नियातल्या कंबोडियन लोकांच्या डोनट दुकानांचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं, ते ज्यांच्यापासून सुरू झालं ते टेड न्गॉय १९७५ लाच अमेरिकेत पोचले, आधी ते बँकॉकच्या कंबोडियन वकिलातीत लष्करी अधिकारी होते. त्यांनी दुकानं घेतली आणि मागून आलेल्या कुटुंबांना चालवायला दिली. पुढच्यांनी भांडवल उभं केलं 'टोंगटीन'मधून, म्हणजे आपली भिशीच. हे असं जाळं तयार व्हायला पहिली फळी थोडी तरी शिकलेली, पैशाचा व्यवहार जाणणारी लागते, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच दुकानदार घराण्यांकडे, विशेषतः चिनी वंशाच्या कंबोडियन लोकांकडे, व्यापार पिढ्यांपासून होता. गुरं पाळणाऱ्या, युद्धात ती गुरंही गमावलेल्या डिंका कुटुंबाकडे तसा व्यापार नव्हता. आणि भिशी सुदानमध्येही आहे बरं का, 'सांदूक' म्हणतात, बायकाच चालवतात जास्त करून. फक्त भिशीत टाकायला प्रत्येकीकडे आधी पगार यावा लागतो.

दुसरं, 'सुदानी' म्हणजे नेमके कोण? ओमदुरमानचा डॉक्टर, दारफूरचा शेतकरी, खार्टूमचा कॉप्टिक ख्रिश्चन व्यापारी, आणि काकुमात वाढलेला नुएर मुलगा, हे सगळे एकाच रकान्यात. दक्षिण सुदान ९ जुलै २०११ ला वेगळा देश झाला तरी जनगणनेच्या फॉर्मवर बरेच जण अजून 'सुदान'च लिहितात. ब्रिटनच्या आणि आयर्लंडच्या सरकारी हॉस्पिटलांत सुदानी डॉक्टर भरपूर आहेत, तिथे कुणी सुदानी संस्कृतीत शिक्षणाची कदर नाही असं म्हणत नाही. कारण तिथे डॉक्टर म्हणून निवडलेले आले आणि इथे निर्वासित म्हणून निवडलेले. आपण भारतीय इथे बरे दिसतो ते पण स्टुडंट आणि स्किल्ड व्हिसाच्या चाळणीतून गाळून आलोय म्हणून, हे आपल्याला सोयीने आठवत नाही.

भत्त्याबद्दल. निर्वासित म्हणून आल्यावर सुरुवातीला सरकारी मदत दोघांनाही मिळाली, कंबोडियन लोकांनाही. उलट खूप सुदानी २०२ नंबरच्या व्हिसावर आले, ज्यात विमानाचं तिकीट आणि सुरुवातीची राहायची सोय बोलावणाऱ्या नातेवाइकाने करायची असते, सरकारने नाही. एकेका कुटुंबाची तिकिटं म्हणजे हजारो डॉलरचं कर्ज, ते वर्षानुवर्षं फेडत बसायचं. कामं कुठली? वॉर्नंबूल, कोलॅकचे कत्तलखाने (हो, तेच वॉर्नंबूल जिथे ब्लेनींचं भाषण झालं), वेअरहाउस, सिक्युरिटी, वृद्धाश्रम. मी मेलबर्नच्या टारनीट उपनगरात राहते, आमच्या समोरच्या बाई रात्रपाळीला वृद्धाश्रमात जातात, सकाळी साडेसातला युनिफॉर्ममध्येच मुलांना शाळेत सोडताना दिसतात, आणि पगारातला भाग दर महिन्याला काकुमात अडकलेल्या बहिणीला जातो. मेसेजच्या हिशोबात अशा बाई कुठे बसतात? आणि नोकरी मागायला जाताना नाव आड येतं हे पण मोजून झालंय, ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी सारखेच बायोडेटा नावं बदलून हजारोंनी पाठवले, इंग्रजी नावाइतके इंटरव्ह्यू मिळवायला चिनी नावाला ६८ टक्के जास्त अर्ज करावे लागले, अरबी नावाला ६४ टक्के. सुदानी माणसाला नाव आणि रंग दोन्ही घेऊन जायचं असतं.

राहिला गुन्ह्यांचा मुद्दा, तो टाळणार नाही. व्हिक्टोरियाच्या पोलिस आकडेवारीत सुदानमध्ये जन्मलेल्यांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने जास्त येतं हे खरं आहे, लोकसंख्येत साधारण ०.१ टक्का आणि आरोपींमध्ये साधारण एक टक्का. ज्यांच्या घरात चोर घुसले त्यांची भीती खोटी नाही, त्यांना कुणी शहाणपण शिकवू नये. पण उरलेले ९९ टक्के आरोपी कोण, हे मेसेजमध्ये नाही. हा समाज वयाने अतिशय तरुण आहे, आणि जगात कुठेही चोऱ्या-मारामाऱ्यांत पंधरा ते पंचविशीचे मुलगेच जास्त सापडतात, पन्नाशीच्या कंबोडियन बेकरीवाल्याशी त्यांची तुलना करून काय मिळणार. पोलिस थांबवतात कुणाला हे पण बघायला हवं, मेलबर्नमधल्या फ्लेमिंग्टनच्या आफ्रिकन तरुणांनी केस केली होती, त्यात पोलिसांच्याच नोंदी तपासल्यावर दिसलं की त्यांना इतरांच्या जवळपास अडीच पट थांबवलं जायचं, २०१३ ला पोलिसांनी तडजोड केली. आणि २००७ ची गोष्ट तर मला अजून विसरता येत नाही. मेलबर्नच्या नोबल पार्कमध्ये लीप गोनी नावाच्या सुदानी तरुणाला मारून टाकलं. त्यानंतर लगेच इमिग्रेशन मंत्री केव्हिन अँड्रूज म्हणाले की आफ्रिकेतले काही गट इथे नीट रुळत नाहीत म्हणून त्यांची संख्या कमी करतोय. मारेकरी म्हणून ज्या दोघांना शिक्षा झाली ते गोरे होते. मेलेला मुलगा सुदानी आणि बोल लागला तोही सुदान्यांनाच.

घर घेण्याच्या सल्ल्याबद्दल एवढंच, की ३१ ऑगस्ट २०२५ ला ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या शहरांत इमिग्रेशनविरोधी मोर्चे निघाले तेव्हा त्याच्या पत्रकात नाव सुदान्यांचं नव्हतं, कंबोडियन लोकांचं तर नव्हतंच. भारतीयांचं होतं, की शंभर वर्षांत जेवढे ग्रीक आणि इटालियन आले नाहीत तेवढे भारतीय पाच वर्षांत आले. त्या रविवारी माझ्या मुलाने दुपारी बाहेर खेळायला जाऊ का म्हणून विचारलं आणि मी नको म्हणाले. समोरच्या बाईंनी पण त्यांच्या मुलांना घरातच ठेवलं होतं.