सेटबॅक सोडला, पण कुणासाठी?

रविवारी आमच्या चाळीच्या रिडेव्हलपमेंटची मिटिंग होती, गिरगावात. दीड तास कार्पेट एरिया आणि भाड्यावरून भांडून झाल्यावर बिल्डरच्या माणसाने टीव्हीवर ते थ्रीडी लावलं. खाली तीन मजले पार्किंगचं पोडियम, पुढे मार्जिन, म्हणजे नियमाने सोडायची मोकळी जागा, सेटबॅक, त्याच्यापुढे ग्रॅनाइट लावलेली सात फुटी भिंत, गेटवर सिक्युरिटीची केबिन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, खोटं कशाला बोलू, संडास घरात येणार म्हटल्यावर कोण नाही वाजवणार. पण घरी आल्यावर डोक्यात एकच, या सगळ्यात रस्ता कुठाय?

आत्ता आमच्याखाली सहा दुकानं आहेत. शिंपी, चक्की, वडेवाला, मेडिकल, स्टेशनरी आणि कोपऱ्यावर पानवाला. दुकानाची पायरी संपली की फूटपाथ. माझी भाची सेकंड शिफ्ट करून साडेअकराला येते तेव्हा पानवाल्याचा बल्ब चालू असतो, तो तिला नावाने ओळखतो, बस. उद्या तिथे ती भिंत येणार आणि पन्नास पावलं नुसता काळा ग्रॅनाइट.

हे मी आमच्या एका आर्किटेक्ट मित्राला बोललो तर तो उखडलाच. म्हणे, अरे मार्जिन उगाच नाही सोडायला लावत, प्लेग विसरलास का? बरोबर आहे त्याचं. १८९६ ला प्लेग आला, १८९८ ला शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि दोन बिल्डिंगींमध्ये उजेड येण्याएवढं अंतर पाहिजे म्हणून साडेत्रेसष्ट अंशांचा हिशोब लावायला लागले, म्हणजे खालून समोरच्या बिल्डिंगीच्या माथ्याकडे बघायचा कोन त्याहून जास्त नको. दादर-माटुंग्याच्या कॉलन्या त्यातूनच आल्या. आमच्या आतल्या खोलीत भर दुपारी ट्यूब लावावी लागते, त्यामुळे उजेडाचं महत्त्व मला कुणी शिकवू नये.

पण गंमत बघा. उजेड आणि वारा येतो तो बाजूने आणि मागून, आणि नेमकी तीच मार्जिन कमी पडली की महापालिकेत प्रीमियम भरून सूट मिळते. म्हणजे माणसाला श्वास घ्यायला लागणारी जागा पैसे भरून माफ, आणि पुढे रस्त्याकडे सोडली ती भिंतीत कोंडलेली. त्यात काय असतं? दोन पामची झाडं, एक जनरेटर आणि चेअरमनची गाडी.

आणि मुंबईत सेटबॅक म्हटलं की लोकांच्या डोक्यात हे मार्जिन नसतंच, रोडलाईन असते. महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात २९७ कलम आहे, त्याखाली रस्त्याची रेषा ठरते, रेषेत येणारा तुकडा पालिकेला द्यायचा, बदल्यात एफएसआय, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी, घ्यायची. मिटिंगमध्ये पण ‘आपल्याला सेटबॅकचा एफएसआय किती मिळतो’ एवढंच विचारतात. त्या तुकड्याचं पुढे काय होतं ते आमच्या रस्त्यावर येऊन बघा. एक बिल्डिंग नवीन झाली, ती मागे गेली. शेजारची जुनी तिथेच. पुढची परत मागे. दात पडलेल्या तोंडासारखा रस्ता दिसतो. आमच्या जवळच असा एक खळगा आहे, पाच-सहा वर्षं झाली असतील, त्यात चार बाईक, एक मेलेला फ्रिज आणि पेव्हर ब्लॉकचा ढीग आहे. आई तिथून जाताना फूटपाथवरून उतरते, बाईकला वळसा घालून रस्त्यावरून चालते, परत चढते, गुडघ्यावर हात ठेवून. कागदावर रस्ता रुंद झालाय हां.

प्रत्येक जण आपापल्या प्लॉटचा नकाशा काढतो, अख्ख्या रस्त्याचा कुणीच काढत नाही. पूर्वी काढलेला की. सीएसएमटीहून फ्लोरा फाउंटनकडे डी. एन. रोडने जा, तेव्हाचा हॉर्नबी रोड. ज्या साली प्लेग आला त्याच साली, १८९६ ला, नियम केला की तिथल्या कमर्शियल बिल्डिंगींनी तळमजल्यावर चालणाऱ्यांसाठी आर्केड, म्हणजे बिल्डिंगीखालून जाणारी छताची वाट, ठेवायचीच. जमीन मालकाची, पण खालून चालणार कुणीही. म्हणून आजही धो धो पावसात तिथे निम्मा रस्ता छत्री न उघडता जाता येतं. बिल्डिंगी एकसारख्या नाहीत, एकीचा तोंडवळा दुसरीशी जुळत नाही, पण चालणाऱ्याला रस्ता एक वाटतो.

मार्जिनला माझा विरोध नाहीये हे परत सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये प्लेग येईल. दादरच्या हिंदू कॉलनीत पण मार्जिन आहे. पण जुन्या बिल्डिंगींच्या भिंती कमरेएवढ्या, आतलं झाड बाहेर सावली देतं, गॅलरीतले आजोबा रस्त्यावरच्या माणसाशी बोलतात. भांडण त्या सात फुटाशी आहे.

तर मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं की भिंत काढा, दुकानं रस्त्याकडे तोंड करून ठेवा, पार्किंग मागे ढकला आणि मार्जिन फूटपाथच्या लेव्हलला आणा. पहिला रिप्लाय एका काकांचा, ‘मग फेरीवाले बसतील, तू उठवणार का?’ त्यांना सात लाईक. मी काकांना एवढंच लिहिलं की काका, एकदा खाली उतरून बघा. आपला वडेवाला त्याच्या दुकानासमोर कुणाला टोपली पण ठेवू देत नाही. फेरीवाले बसलेत ते समोरच्या टॉवरच्या भिंतीला पाठ टेकून, एका रांगेत.

काकांनी अजून रिप्लाय दिला नाहीये, ब्लू टिक दिसतेय. पुढच्या रविवारी परत मिटिंग आहे. रिडेव्हलपमेंटमध्ये पुढची भिंत न बांधलेली एखादी बिल्डिंग कुणाला माहीत असेल तर फोटो टाका प्लीज, मला प्रिंट काढून न्यायचेत.