डिस्कचं बारावं घालायची घाई नको

सोसायटीच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच मेसेज फिरत आला: "जुनं नेटबुक काळ्या स्क्रीनवर 'ऑपरेटिंग सिस्टीम नॉट फाउंड' म्हणत असेल, तर हार्ड डिस्क गेली. आतला सेल काढून परत लावा. नाही जमलं तर डिस्क पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. तरीही नाही, तर फॉरमॅट मारा."

'डिस्क गेली' हे कशावरून? त्या ओळीचा अर्थ एवढाच, की बायोसने (मशीन चालू होताच आधी जागा होणारा, विंडोजला शोधून सुरू करणारा छोटा प्रोग्राम) जिथे शोधलं तिथे चालू करण्याजोगं काही मिळालं नाही. मावशीचं नेटबुक, म्हणजे छोटा स्वस्त लॅपटॉप, असंच माझ्याकडे आलं. डाव्या कडेला नखाएवढा पेनड्राइव्ह खोचलेला, आत नुसती भजनं. बूट ऑर्डरमध्ये, म्हणजे कुठे आधी शोधायचं त्या क्रमात, यूएसबी पहिलं, म्हणून मशीन भजनांत विंडोज शोधत बसलेलं. पेनड्राइव्ह उपसला, सुरू झालं.

हे नसेल तर चालू करताना एफ-2 दाबून (काही मशीनवर डिलीट) बायोसमध्ये शिरा. तिथे डिस्कचं मॉडेल दिसतंय का बघा. दिसत असेल तर निदान तिचा श्वास चालू आहे. दिसत नसेल तर आधी ती खोबणीत नीट बसली आहे का तपासा. टक्-टक् आवाज येत असेल तर मात्र मशीन बंद करा आणि आत मोलाचं काही असेल तर जाणकाराकडे न्या.

सेलचा उपाय तर उलट आजार लावतो. तो निघाला की बहुतेक मशीनवर बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर जातात. त्यात साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) जुन्या आयडीईवरून नव्या एएचसीआयवर गेला, तर त्या पद्धतीचा ड्रायव्हर नसलेलं विंडोज एक्सपी निळी स्क्रीन आणि 0x0000007B असा कोड दाखवून आडवं होतं. म्हणजे आधी एक दुखणं, आता दोन. दर वेळी तारीख मागे जात असेल तर सेल बदला, पण त्याआधी बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आणि स्क्रीनवर एक अक्षरही येत नसेल तर? मेसेज हे प्रकरण त्याच पोत्यात भरतो. 2008 च्या एसर अ‍ॅस्पायर वनमध्ये बायोसच बिघडल्याची तक्रार सर्रास होती: बटणाचा दिवा लागतो, पंखा फिरतो, स्क्रीन ठार काळी. तिथे फॅट फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर बायोसची फाइल टाकून, एफएन आणि एस्केप दाबून ठेवून मशीन चालू करायचं असतं. डिस्कचा त्यात काही संबंध नाही.

फ्रीजरबद्दल फार लिहीत नाही. बाहेर काढल्यावर थंड धातूवर दव धरतं, आणि डिस्कचं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. शिवाय 2007 च्या आसुस ई-पीसी 701 मध्ये फिरणारी डिस्कच नव्हती, मदरबोर्डवरच 4 जीबी फ्लॅश. तिथे काय, अख्खं नेटबुक मटारशेजारी ठेवायचं?

राहिलं फॉरमॅट. ते सगळ्यात शेवटी, तेही फाइली बाहेर काढल्यावर. नेटबुकला डीव्हीडी ड्राइव्ह नसतो, म्हणून पेनड्राइव्हवर लिनक्स घालून त्यावरून मशीन चालू करा आणि फोटो, कागदपत्रं दुसरीकडे उतरवा. इथे बरेच जण अडकतात: अ‍ॅटम एन270 हा बऱ्याच जुन्या नेटबुकांतला प्रोसेसर 32 बिटचा, त्यावर 64 बिटचं लिनक्स सुरूच होत नाही. उबुंटू या लिनक्सने 32 बिटची डेस्कटॉप प्रत 2017 मध्येच बंद केली. डेबियन या दुसऱ्या लिनक्सची 32 बिटची प्रत आवृत्ती 12 (2023) पर्यंत निघत होती. फाइली निघाल्या की मग बूटची दुरुस्ती: एक्सपीत रिकव्हरी कन्सोलमधून फिक्सएमबीआर आणि फिक्सबूट, विंडोज 7 मध्ये बूटरेक, या आज्ञा द्यायच्या. कुरकुरणाऱ्या डिस्कवर चेकडिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी) आधी चालवू नका, ती उरलासुरला जीव काढते.

मावशीच्या मशीनवर मी बूट ऑर्डर बदलून डिस्क पहिली केली. बरं झालं, भजनांचा पेनड्राइव्ह तिने घरी जाताच परत तिथेच खोचला.