‘छतावर बूस्टर लावा, कुठेही फुल नेट’ : हा सल्ला का पाळू नये

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. मला तो आतापर्यंत चार जणांनी पाठवला, आणि त्यातल्या दोघांनी जुनी बस घेऊन तिचं घर करायला काढलंय. मेसेजचं सार असं: गाडीत नेट मिळत नाही म्हणणाऱ्यांना सामान कुठलं घ्यायचं ते कळत नाही. छतावर मोबाइल सिग्नल बूस्टर बसवा, आत 5जी राउटर (सिमवरून वायफाय देणारा डबा) ठेवा, तो दोन सिमचा घ्या म्हणजे वेग दुप्पट, आणि तरीही अडलं तर सॅटेलाइटची डिश आहेच. मग कोकणात असा की लडाखमध्ये, घरच्यासारखं वायफाय.

यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चुकीचा आहे, आणि पहिला तर इतरांना त्रास देणारा आहे. आम्ही दोघं तीन वर्षं शाळेच्या एका जुन्या मिनीबसमध्ये वर्षाचे सात-आठ महिने काढतो. मी नववी-दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते, नवरा सर्व्हर सांभाळतो. नेट गेलं तर आमचं कामच जातं. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी हौसेचा नाही.

बूस्टरपासून सुरुवात करते. हा सल्ला अमेरिकेतल्या व्हिडिओंमधून जसाच्या तसा उचललेला आहे. तिथे एफसीसी या नियामकाने 2013 मध्ये बूस्टरसाठी नियम केले. ठरावीक मर्यादेतला, प्रमाणित बूस्टर मोबाइल कंपनीकडे नोंदवून गाडीत वापरता येतो. आपल्याकडे तशी मुभा नाही. परवानाधारक मोबाइल कंपन्यांखेरीज कोणीही बूस्टर विकणं, बाळगणं किंवा लावणं बेकायदा आहे आणि दूरसंचार विभागाने हे पुन्हा पुन्हा सांगितलंय. ऑनलाइन दुकानात सहा-सात हजारांत मिळतो म्हणून तो कायदेशीर ठरत नाही.

पण कायद्यापेक्षा मला त्यामागचं कारण महत्त्वाचं वाटतं. बूस्टर दोन्ही बाजूंनी ओरडतो. टॉवरचा आवाज मोठा करून तुमच्या फोनला ऐकवतो आणि तुमच्या फोनचा आवाज मोठा करून टॉवरला. सोबत आजूबाजूची खरखरही मोठी करतो. बाहेरचा अँटेना छतावर, आतला छताखाली, मध्ये जेमतेम हात-दोन हात अंतर आणि त्यात खिडक्या उघड्या. मग आतला आवाज बाहेरचा अँटेना पुन्हा पकडतो. गणपतीच्या मंडपात माईक स्पीकरसमोर नेला की जी शीळ घुमते, अगदी तेच इथे घडतं, फक्त आपल्या कानांना ऐकू येत नाही. टॉवरला मात्र ऐकू येतं. दूरच्या वाडीतल्या फोनचा क्षीण आवाज त्या शिळेखाली दबून जातो.

पहिल्या वर्षी असा एक डबा आम्हीही घेतला होता. सिंधुदुर्गातल्या एका वाडीत, शाळेमागच्या मोकळ्या जागेत गाडी लावली होती आणि माझे क्लास झकास चालले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी दूध आणायला गेले, तर दुकानदार काका म्हणाले, “ताई, कालपासून फोनच लागणा नाय.” पैसे आले की बोलणारा त्यांचा डबाही गप्प होता. त्यांनी माझा हिशेब वहीत मांडून ठेवला. मी गाडीत परत आले आणि बूस्टरची वायर काढली. संध्याकाळी त्यांच्या दुकानातून पुन्हा ‘रुपये प्राप्त झाले’ ऐकू आलं. योगायोग असेलही, मी काही मोजमाप केलं नव्हतं. पण अख्ख्या वाडीला एकच टॉवर. त्यावर रेशनच्या दुकानातलं अंगठ्याचं मशीन, आशाताईंची नोंदणी, 108 ला करायचा फोन, सगळंच. आपण चार दिवसांचे पाहुणे. तो बूस्टर मी पुन्हा लावला नाही, कोणाला विकलाही नाही.

इथे मेसेजमध्ये एक घोळ आहे, त्याने पुष्कळांची फसगत होते. अँटेना आणि बूस्टर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बूस्टर म्हणजे कर्णा, तर राउटरचा बाहेरचा अँटेना म्हणजे खिडकीबाहेर काढलेला कान. हा अँटेना स्वतःहून काहीच प्रक्षेपित करत नाही. राउटरची ताकद तेवढीच राहते, फक्त मधला पत्रा बाजूला होतो. बसमध्ये खरा अडथळा तो पत्राच असतो. चारी बाजूंनी लोखंड. त्यावर उन्हापासून वाचायला आपण आतून चंदेरी फॉइलचं इन्सुलेशन चिकटवतो, म्हणजे आणखी एक धातूचा थर. आमच्या गाडीत फॉइल लावल्यानंतर मधल्या बाकावर फोन धरला की दोन दांड्या कमी दिसायच्या. खिडकीशी नेला की परत यायच्या.

अँटेना बाहेर, राउटर आत, आणि मधली केबल होईल तितकी आखूड. बाजारात सहज मिळणारी बारीक काळी आरजी 58 केबल 2300 मेगाहर्ट्झला (4जीच्या लहरींचा एक पट्टा) दर मीटरला साधारण एक डेसिबल, म्हणजे सुमारे पाचवा हिस्सा सिग्नल, खाते. पाच मीटर केबल टाकली तर छपरावर मिळवलेल्या सिग्नलचा एक तृतीयांशही राउटरपर्यंत पोचत नाही. मग लोक म्हणतात, अँटेना भिकार निघाला. आम्ही राउटर ड्रायव्हरच्या मागच्या कपाटातून काढून थेट छपराला, अँटेनाच्या खाली टांगला. केबल आता हातभरच आहे. राउटर गाडीच्या 12 व्होल्टवरच चालतो, इन्व्हर्टर लागत नाही.

‘वायफायला फुल दांड्या पाहिजेत’ असं लोक म्हणतात, त्यात आणखी एक गल्लत आहे. वायफाय म्हणजे राउटर ते लॅपटॉप एवढंच अंतर. वीस-बावीस फुटांच्या गाडीत ते कुठलाही राउटर पार करतो. अडतं ते राउटर ते टॉवर यातल्या तीन-चार किलोमीटरमध्ये. फोनच्या दांड्याही अर्धवटच सांगतात. त्या टॉवरचा आवाज किती मोठा येतोय ते दाखवतात, टॉवरवर गर्दी किती आहे ते नाही. शनिवारी संध्याकाळी अलिबाग-काशिद पट्ट्यात उभं राहून बघा. दांड्या भरलेल्या असतात आणि साधा फोटो जात नाही. राउटरच्या सेटिंगच्या पानावर आरएसआरपी आणि एसआयएनआर असे दोन आकडे असतात, ते बघायची सवय लावा. पहिला म्हणजे टॉवरच्या सिग्नलची ताकद. तो -95 च्या आसपास असला तरी काम भागतं, -115 च्या खाली गेला की रडकथा. दुसरा म्हणजे खरखरीच्या तुलनेत सिग्नल किती. तो दहाच्या वर असला की मी निश्चिंत असते.

आता 5जी. ‘5जी आलं, प्रश्न मिटला’ हे शहरात खरं आहे. भारतात 5जी ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालं आणि त्याचा मोठा भार 3300 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आहे. हा पट्टा रुंद, म्हणून वेग भरपूर, पण लहर नाजूक. सारख्या अँटेनावर, सारख्या अंतरावर ती 700 मेगाहर्ट्झच्या लहरीपेक्षा वीसेक पट क्षीण होऊन पोचते. मध्ये डोंगराची सोंड किंवा दाट झाडी आली की उरलंसुरलंही जातं. 2022 मध्ये सरकारने केलेल्या लहरींच्या लिलावात 700 चा पट्टा एकट्या जिओने घेतला होता, म्हणून त्यांचं 5जी काही ठिकाणी लांबवर पोचतं. बाकी आडरानात आपल्याला तारतं ते जुनं 4जी, 850 आणि 900 चं. 5जीच्या काठावर उभा असलेला राउटर सतत 5जी-4जी अशी ये-जा करत बसतो आणि प्रत्येक उडीला व्हिडिओ गोठतो. आंबोलीसारख्या घाटमाथ्यावर मी राउटर सरळ 4जीवर बांधून टाकते. वेग कमी दिसतो, पण क्लास तुटत नाही.

वेगाच्या आकड्यांचा मोहच मुळात चुकीचा. समोरासमोरच्या व्हिडिओ कॉलला दीड एमबीपीएस पुरतो. लागतो तो स्थिरपणा, आणि तोही वर जाणाऱ्या बाजूला. टॉवर दहा-दहा वॉटनी बोलतो, आपला फोन किंवा राउटर साधारण 200 मिलीवॉटने. म्हणून पुष्कळदा आपल्याला समोरच्याचं सगळं नीट दिसतं, ऐकू येतं, आणि तिकडे मुलं म्हणत असतात, “मॅम, तुमचा आवाज तुटतोय.” स्पीड टेस्ट केलीत तर डाउनलोड सोडा, खालचा अपलोडचा आकडा वाचा.

‘दोन सिमचा राउटर, दुप्पट वेग.’ स्वस्तातल्या बहुतेक दोन सिमच्या राउटरमध्ये मोडेम (टॉवरशी बोलणारा भाग) एकच असतो. एका वेळी एकच सिम चालतं. पहिलं मेलं की दुसऱ्यावर जायला अर्धा-एक मिनिट जातं आणि तेवढ्यात कॉल तुटलेला असतो. दोन्ही एकदम चालवायची तर दोन मोडेम हवेत आणि दोन्ही वाटा जोडणारी सेवाही हवी, तो खर्च वेगळा. आम्ही राउटरमध्ये एका कंपनीचं सिम ठेवतो, खिडकीत टांगलेल्या जुन्या फोनमध्ये दुसरीचं. लॅपटॉपला दोन्ही वायफाय माहीत आहेत. साधं आहे, पण चालतं.

पण दोन कंपन्या म्हणजे दोन टॉवर असं धरून चालू नका. एकाच मनोऱ्यावर दोन-तीन कंपन्यांचे अँटेना असणं आपल्याकडे सर्रास आहे. वीज गेली, जनरेटरचं डिझेल संपलं किंवा रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली, की सगळी सिमं एकदम आंधळी होतात. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगर भागात कित्येक दिवस फोनच नव्हते. हा धडा मोठा होता. म्हणून तिसरं सिम बीएसएनएलचं. नेटवर्क न पोचलेल्या गावांत 4जी नेण्याची सरकारी योजना 2022 मध्ये मंजूर झाली. तिचं काम बीएसएनएलकडे आहे, त्यामुळे काही कोपऱ्यांत तेवढंच मिळतं. ‘अमर्याद 5जी’च्या पॅकचं बारीक अक्षरही वाचा. रेंज 4जीवर घसरली की रोजच्या डेटाची मर्यादा लागू होते, आणि ती संपली की 64 केबीपीएस. त्यात हजेरीसुद्धा होत नाही.

उरली डिश. उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीला जून 2025 मध्ये भारतात परवाना मिळाला, पण म्हणून परदेशातून आणलेली डिश छतावर ठोकून चालवता येत नाही. परवानगीशिवाय उपग्रहाशी बोलणारं साधन आपल्याकडे गंभीर मामला आहे. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी प्रवासी बाईंना गिर्यारोहक वापरतात तसलं उपग्रह संदेशाचं छोटं यंत्र जवळ असल्याबद्दल पोलिसांनी ताब्यात घेतलं होतं. आणि रीतसर डिश मिळाली तरी तिला मोकळं आभाळ लागतं. आपण मे महिन्यात गाडी आंब्या-फणसाच्या सावलीत लावणार, नाहीतर पत्रा भाजून काढतो. सावली हवी की नेट, एकच मिळेल. विजेचं गणितही मांडून बघा. मोठी डिश 75 वॉट धरली तर दहा तासांत 750 वॉट-तास. 12.8 व्होल्ट, 100 अँपिअर-तासाच्या लिथियम बॅटरीत सगळे मिळून 1280. पंखा, फ्रीज, लॅपटॉप उरलेल्यात बसवायचे.

मेसेजमध्ये नसलेली आणि आम्हाला सर्वांत जास्त उपयोगी पडलेली वस्तू आहे 30 मीटर लॅन केबल. आता आडगावातल्या होमस्टेवरही केबलवाल्याचं फायबर असतं. मालकांना विचारायचं, दिवसाचे काही पैसे द्यायचे आणि त्यांच्या राउटरमधून वायर खिडकीतून थेट आपल्या राउटरला. भिंती, पत्रा, टॉवर, काही मध्ये येत नाही. गुहागरजवळ एका घरी आम्ही असे अकरा दिवस राहिलो, आणि मी एकदाही “आवाज येतोय का?” विचारलं नाही.

नाहीतर जागा शोधायची. मुक्कामाला अंधार पडायच्या आत पोचायचं, गाडी लावण्याआधी एक जण फोन घेऊन आवारभर फिरतो, दुसरा आकडे लिहितो. भंडारदऱ्याच्या बाजूला एकदा फणसाच्या झाडाखाली -113 होतं, वीस पावलं पुढे, बांधाच्या टोकाला -98. गाडी तिथे घेतली. रात्री नऊला, गर्दीच्या वेळी, पुन्हा मोजलं आणि मगच चाकांना दगड लावले.

बस बांधायला काढलेल्या त्या दोघांना माझं एवढंच सांगणं आहे: आतून प्लाय मारायच्या आधी, पत्रा उघडा आहे तोवर, छपराला ड्रायव्हरच्या मागच्या बाजूला एक भोक पाडून घ्या, ग्लँड (वायरीभोवती घट्ट बसणारं बूच) आणि सीलंट लावून बंद करा, आणि त्या जागेपासून दोन फुटांत राउटरसाठी 12 व्होल्टची वायर काढून ठेवा. प्लाय लागल्यावर ते करायला आम्हाला अख्खं छत उतरवावं लागलं होतं.