सात थर म्हणजे सात कुलपं नव्हेत

‘तुमचा प्रत्येक मेसेज ओएसआय मॉडेलच्या सात थरांतून जातो. प्रत्येक थर त्याला नवं कुलूप लावतो. म्हणून फुकटच्या वायफायवरही पासवर्ड बिनधास्त टाका. हे मॉडेल आलं म्हणूनच इंटरनेट जन्मलं.’ हा फॉरवर्ड भाचीने पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, मग ब्राउझर “सुरक्षित नाही” म्हणाला तरी चालेल ना?’

अजिबात नाही चालणार.

ओएसआय मॉडेल म्हणजे नेटवर्कवरचं काम सात थरांत वाटून दाखवणारा आराखडा. आधी कुलपांचं बघू, कारण नुकसान तिथेच आहे. मेसेज वरच्या थरातून खाली उतरताना प्रत्येक थर मजकुराला जोडतो तो आपला हेडर, म्हणजे आपल्या कामाच्या नोंदींची चिठ्ठी. टीसीपी, आयपी, इथरनेट हे वेगवेगळ्या थरांवरचे नियमसंच. टीसीपी पोर्ट नंबर (कोणत्या प्रोग्रॅमसाठी) आणि तुकड्यांचा क्रमांक लिहितो, आयपी दोन्ही टोकांचे पत्ते लिहितो, इथरनेट शेवटी ३२ बिटांची तपासणी चिकटवतो. ही तपासणी वाटेत बिट बिघडला का एवढंच पाहते. मुद्दाम केलेला बदल तिला कळत नाही, कारण नवा आकडा कुणीही काढू शकतो. यात कुलूप कुठे आहे? साध्या एचटीटीपीवर टाकलेला पासवर्डही हे सगळे थर पार करून जातो, आणि बिनपासवर्डाच्या वायफायवर शेजारी वायरशार्क (नेटवर्कवरची ये-जा वाचणारं सॉफ्टवेअर) लावून बसलेल्याला तो जसाच्या तसा वाचता येतो.

हे मॉडेल करणाऱ्या खुद्द आयएसओचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं काय म्हणणं आहे? मूळ मॉडेल, आयएसओ ७४९८, १९८४चं. सुरक्षेचा आराखडा ७४९८-२ या वेगळ्या भागात आला, तोही १९८९मध्ये. कोणत्या थरावर कोणती सुरक्षा देता येईल हे त्यात ठरवून दिलंय, आणि पाचव्या, म्हणजे सेशन लेयरच्या वाट्याला एकही सुरक्षा सेवा नाही. ज्यांनी मॉडेल केलं त्यांनीच एक थर कोरा ठेवला, आणि हे फॉरवर्डवाले महाशय सातही कुलपं वाटत सुटलेत!

आता नाइलाजाने एक कबूल करतो. आज सार्वजनिक वायफायवरही बहुतेक साइटवरचा पासवर्ड शेजाऱ्याला दिसत नाही. पण ती करामत टीएलएसची, म्हणजे मजकूर सांकेतिक करून पाठवणाऱ्या पद्धतीची; पत्त्यातलं ‘एचटीटीपीएस’ ही तिचीच खूण. ते नसेल तेव्हा ब्राउझर ‘सुरक्षित नाही’ म्हणतो. त्या वेळी गप्प फॉर्म बंद करायचा.

इंटरनेटच्या जन्माचा दावा तारखांपुढेच टिकत नाही. अर्पानेट, म्हणजे इंटरनेटचं पूर्वरूप, टीसीपी/आयपीवर गेलं १ जानेवारी १९८३ला, आयएसओचं मानक त्यानंतरचं. शिवाय इंटरनेटवाल्यांच्या १९८९च्या आरएफसी ११२२ या नियमांच्या दस्तऐवजामध्ये थर चारच आहेत.

थर कामाचे आहेत, यात वाद नाही. केबल काढून वायफाय लावलं तरी ब्राउझर बदलावा लागत नाही, तो या कामवाटपामुळेच. नेटवर्कवाले आजही ‘लेयर थ्री’, ‘लेयर सेव्हन’ असंच बोलतात. पण टीएलएस नेमकं कितव्या लेयरवर बसतं हे त्यांना विचारून बघा. कुणी सहावा म्हणेल, कुणी चौथ्याच्या वर, आणि पुढचा अर्धा तास तुमचं तिथे काही काम नसेल.